दीड जीबी संपल्यावर

‘अनलिमिटेड’ रिचार्जमध्ये कॉल अमर्याद असतात; ४जी डेटाला मात्र रोजचा कोटा, बहुधा दीड किंवा दोन जीबी. तो संपला की नेट बंद पडत नाही, वेग सहसा ६४ केबीपीएसवर उतरतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. सेनगाव-कळमनुरीकडच्या एखाद्या घरात २०० केबीचा सातबारा २५ सेकंदांत येईल. मुलीचा ५ एमबीचा प्रश्नसंच उतरायला दहा मिनिटांहून जास्त लागतील. ऑनलाइन तासाची तर आशाच नको.

हॉटस्पॉटला अमेरिकेतल्या अनेक प्लॅनमध्ये वेगळी मर्यादा असते. आपल्याकडे तो डेटा सहसा रोजच्या कोट्यातूनच जातो. खरा खादाड असतो लॅपटॉप. फोनच्या हॉटस्पॉटला तो घरचं वायफाय समजला, तर अपडेट आणि फोटोंचा बॅकअप परस्पर सुरू होतो. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की यातलं बरंचसं थांबतं.

कोटा संपल्यावरही वायरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसखाली जाऊ नये, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१६ मध्ये बजावलं. त्या आदेशात मोबाइलसाठी असा किमान वेग नव्हता. जिथे वायर पोचलेलीच नाही, त्या गावांवर हा अन्याय आहे.