सल्ला यंत्राचा, सही मालकाची!

गणपती गेले की मुंबई-पुण्याचा भाविक मखर माळ्यावर टाकतो आणि पुढल्या भाद्रपदापर्यंत निश्चिंत होतो. पेणच्या कारखानदाराची काळजी मात्र तेव्हाच सुरू होते. पुढल्या वर्षी शाडूच्या मूर्ती किती घडवायच्या आणि प्लास्टरच्या किती? माती केव्हा भरायची, कर्ज किती उचलायचे, उधारी कोणाला द्यायची? हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत हे प्रश्न आजवर वडिलांचा अनुभव, व्यापाऱ्याचा निरोप आणि स्वतःची छाती ह्यांच्या बळावर सुटत आले. आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये एक नवा मुनीम येऊन बसला आहे. त्याचे नाव एआय चॅटबॉट!

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरला आणि तेव्हापासून ह्या मुनिमांची एक फौजच उभी राहिली. हा मुनीम पगार मागत नाही म्हटले तरी चालेल, रात्री-अपरात्री जागा असतो आणि मराठीतही बोलतो. त्याला झिडकारणे हा करंटेपणा ठरेल. परंतु त्याची जातकुळी ओळखल्यावाचून त्याच्या हाती किल्ल्या देणे हा त्याहून मोठा करंटेपणा होय. अफाट मजकूर पचवून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द शोभेल ह्याचा अंदाज तो बांधतो. त्याचे वाचन एका तारखेपाशी थांबलेले असते; मुद्दाम नवे शोधावयास लावले नाही, तर जुनेच तो ताजे म्हणून सांगेल. शिवाय तो बराचसा होयबा आहे. मालकाचा कल पाहून मान डोलावण्याची खोड त्याला आहे.

पेणचेच उदाहरण घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे कसोशीने पालन करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने बजावले. ९ जूनला त्याच न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयातील विसर्जन रोखून धरले. २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा दंडक आला. आणि चतुर्थी होती २७ ऑगस्टला! सहा महिन्यांत तीनदा वारा फिरला. अशा वेळी फेब्रुवारीतला सल्ला जुलैत पाळणाऱ्या कारखानदाराचे काय होईल? नुकसान यंत्राचे व्हायचे नाही. व्याज भरावयाचे ते मूर्तिकारानेच.

हे भय काल्पनिक नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी रद्द केली. कारण तिला आधार म्हणून दिलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते! यंत्राने पुढे केलेली उत्तरे डोळे मिटून स्वीकारू नका, ती पडताळून पाहा, असे न्यायालयाने त्या वेळी खडसावले. सरकारी अधिकाऱ्याची ही गत, तर एकट्या व्यापाऱ्याची काय कथा?

मग ह्या मुनिमाला राबवावे कसे? आमच्या मते त्याला निकाल विचारू नये, आक्षेप विचारावेत. ‘शाडूच्या मूर्ती वाढवू का?’ असे विचारले, तर तो गोड बोलून मोकळा होईल. त्यापेक्षा गेल्या तीन वर्षांची विक्री, मोडतोड, मजुरी आणि व्याज हे आकडे त्याच्यापुढे मांडावेत आणि म्हणावे, ‘माझा बेत हा असा आहे. तो कोठे फसेल ते सांग. तू काय गृहीत धरलेस तेही सांग.’ मागणी एक-चतुर्थांशाने घटली तर काय, पाऊस लांबून मूर्ती सुकल्या नाहीत तर काय, असे फाटे त्याच्याकडूनच फोडून घ्यावेत. हिशेब पायरी-पायरीने मांडावयास लावून स्वतः ताळा करावा. कायदा मूळ आदेशात वाचावा आणि भाव बाजारात विचारावा.

आणखी एक पथ्य आहे. रोह्याजवळच्या धाटावला रासायनिक कारखाने आहेत. तेथील व्यवस्थापकाने लांबलचक करारनाम्याचा सारांश यंत्राकडून काढून घेतला, तर वेळ वाचेल. परंतु उत्पादनाची कृती, गिऱ्हाईकांची नावे आणि कामगारांचे तपशील परक्या यंत्रात ओतण्यापूर्वी तो माल कोठे साठतो, ह्याची चौकशी त्याने केलीच पाहिजे. घरची गुपिते नव्या मुनिमाला पहिल्याच दिवशी कोण सांगतो?

ह्याच रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे बालपण गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. आकड्यांच्या आणि सल्लागारांच्या गराड्यातच त्यांचे आयुष्य गेले. पण १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडण्याची वेळ आली, तेव्हा निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. निर्णय म्हणतात तो ह्याला! यंत्र शंभर सल्ले देईल. एकाही सल्ल्याची किंमत ते मोजणार नाही. पेणचा कारागीर सारी मूर्ती साच्यातून काढतो, पण डोळ्यांची आखणी हातानेच करतो. व्यापाऱ्यानेही यंत्राचा साचा खुशाल वापरावा. डोळे मात्र स्वतःचे उघडे ठेवावेत!