चुकलेल्या वजाबाकीचे वाचन

वजाबाकी चुकली की तिच्यावर तांबड्या शाईची फुली मारावी आणि शेजारी बरोबर उत्तर लिहून वही परत करावी, हा आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शिरस्ता आहे. परंतु ते उत्तर काढताना मुलाच्या मनात कोणता विचार चालला होता, याची चौकशी त्या शिरस्त्यात कोठेच होत नाही. गणिताची जी धास्ती पुष्कळांना जन्मभर पुरते तिचे एक मूळ या न झालेल्या चौकशीत असावे, हे माझे मत नाशिक जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत, मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंचे काम जवळून पाहिल्यापासून दृढ झाले आहे.

बाईंनी ५२ मधून ३८ वजा करण्यास सांगितले होते आणि एका मुलाने उत्तर २६ लिहिले होते. फुली न मारता त्या त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “कसं केलंस, सांग बरं मला.” मुलगा म्हणाला, “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले, सहा राहिले. पाचातून तीन गेले, दोन.” मोठ्यातून लहान वजा करावे, हा पहिलीत ऐकलेला नियम त्याने निष्ठेने पाळला होता, फक्त तो संपूर्ण संख्येऐवजी सुट्या अंकांना लावला होता. या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तीत विचार आहे, सुसंगतीही आहे. उणीव आहे ती स्थानिक किमतीच्या आकलनाची.

मग बाईंनी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे मांडून अडतीस काड्या मागितल्या. तीन गठ्ठे त्याने तत्काळ दिले. पुढे आठ काड्या द्यावयाच्या आणि हाताशी सुट्या दोनच, हे ध्यानात येताच तो थबकला, आणि कोणी न सांगता त्याने एका गठ्ठ्याचे रबर सोडले. बारांतून आठ दिल्यावर एक गठ्ठा आणि चार काड्या उरल्या. पाटीवर पाचाचे चार आणि दोनाचे बारा करण्याचा विधी बाईंनी त्यानंतरच दाखविला, आणि १४ व ३८ यांची बेरीज करून उत्तराचा पडताळा त्याच्याकडूनच घेतला. “बारातून आठ गेले चार, हातचा एक, तीन नि एक चार, पाचातून चार गेले एक,” अशी जुनी रीत काही मुले घरून शिकून येतात. तीत दोन्ही संख्या दहाने वाढत असल्यामुळे फरक कायम राहतो. तेव्हा तीही यथार्थच आहे, परंतु दोन्ही रीतींची सरमिसळ होऊ नये याविषयी बाई दक्ष असतात.

सरावासाठी बाई देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा आधार घेतात. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. शून्यही अंक म्हणून मोजल्यास जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ येते, हे कापरेकरांनी १९४९ साली शोधून काढले. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात. सुट्या अंकांत मोठ्यातून लहान काढणाऱ्या मुलाला मात्र ३११३, मग २२२२ आणि अखेर शून्य मिळते. त्याने कोणतीही संख्या निवडली तरी ती चूक त्याला शून्यावरच नेते. त्यामुळे शिक्षकाच्या शेऱ्याची वाट न पाहता मुलाला आपला दोष आपणच हुडकता येतो, आणि ६१७४ गाठण्याच्या उत्कंठेत हातच्याच्या अनेक वजाबाक्या कंटाळा न येता पार पडतात.

अशा अध्यापनाला वेळ लागतो, आणि गजबजलेल्या वर्गात प्रत्येक वहीपाशी बसण्याची सवड शिक्षकाला नसते, ही तक्रार रास्त आहे. तथापि एकाच प्रकारची चूक अनेक वह्यांत आढळते, आणि एका मुलाला विचारलेला प्रश्न त्या सर्वांच्या उपयोगी पडतो. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, तांबडी शाई उचलण्यापूर्वी मुलाला त्याची रीत एकदा विचारावी आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.