सोन्याचा मुलामा आणि कारागिराचा श्वास

नेपाळातील पाटणच्या शाक्य कारागिरांनी घडवलेल्या तारा, अवलोकितेश्वर यांच्या मूर्ती जगभरच्या घरांत ध्यानासाठी मांडल्या जातात. आधी मेणाची मूर्ती घडते. तिच्यावर माती, शेण, तूस यांचे थर चढतात. भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती.

खरा प्रश्न मुलाम्यापाशी येतो. पारंपरिक पद्धतीत सोने पाऱ्यात कालवून तांब्यावर घासतात व धग देतात. पारा वाफ होऊन उडतो, सोने तेवढे चिकटून राहते. ही वाफ जाते कुठे? मुलामा देणाऱ्याच्या छातीत. तिने हात कापू लागतात, मूत्रपिंडे बिघडतात. ध्यानाला बसणाऱ्याला दिसते ती झळाळी.

जात म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. आपल्याकडे हाताने राबणारा खाली ढकलला गेला. पाटणमध्ये मात्र भिक्षूंचे वंशज म्हणवणारे, नेवार बौद्धांत वरचे मानले जाणारे शाक्य स्वतः भट्टीपाशी बसतात. श्रमाला तिथे मान आहे, हे कबूल केले पाहिजे. पण विहाराचे सदस्यत्व तिथेही बापाकडून मुलाकडेच जाते. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेत बोलले, ते याच काठमांडू खोऱ्यात.