तरोटा कोणता, कासविंदा कोणता?

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की परभणी जिल्ह्यातल्या पाथरीहून मानवतकडे आणि सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा हिरव्या होतात. या हिरवळीत तरोटा मुबलक असतो. कोकणात आणि देशावर त्यालाच टाकळा म्हणतात. त्याची कोवळी पानं खुडून, मुगाची डाळ घालून, लसणाच्या फोडणीची भाजी करतात. मराठवाड्यात अशा रस्त्याकडेला, पडीक जागेत कासविंदाही उगवतो. दोन्ही एकाच कुळातले, दोघांची फुलं पिवळी, दोघांनाही शेंगा. मात्र कासविंद्याच्या बिया लहान मुलाने खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

हे कसं कळलं, ते सांगण्यासारखं आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दरवर्षी पावसाळा सरताना लहान मुलं अचानक आजारी पडत आणि दोन-चार दिवसांत दगावत. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं विषाणूचा शोध चालू होता. बिजनोरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या गटाने २००७ च्या सुमारास दाखवून दिलं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या, आणि त्या विषाने यकृत, स्नायू व मेंदू यांवर एकदम घाला घातला होता. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबर याच वनस्पतीकडे बोट दाखवलं गेलं.

दोघांतला फरक अवघड नाही. तरोट्याच्या पानाला पानकांच्या तीनच जोड्या असतात. पानकं देठाकडे निमुळती, टोकाकडे रुंद आणि गोलसर असतात, अंधार पडला की मिटतात. कासविंद्याला चार-पाच जोड्या, आणि पानकं टोकदार. तरोट्याची शेंग लांब, बारीक, वाकलेली. कासविंद्याची त्या मानाने रुंद आणि चपटी. आणखी बारकाईने पाहिलं तर कासविंद्याच्या पानाच्या देठाला, अगदी बुडाशी, एक छोटी गाठ असते; तरोट्याची गाठ वर, पानकांच्या जोड्यांमध्ये असते. चार वाक्यांत संपणारी ही माहिती आहे, पण ती वाचून कोणाला वनस्पती ओळखता येत नाही. दोन्ही डहाळ्या हातात घेऊन, शेजारी जाणत्या माणसाला बसवून, पानकं मोजली की ती जन्मभर राहते.

वनस्पतिप्रेमींचं मंडळ कुठेही असो, त्याचं पहिलं काम अशी ओळख करून देणं हे. बाकी प्रदर्शन, पाककृती स्पर्धा, व्याख्यान, सहल हे सगळं त्याच्या मागून यावं.

महाराष्ट्रात सध्या रानातल्या भाज्यांचा सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे रानभाजी महोत्सव. कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या, सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत हे महोत्सव भरवायला सुरुवात केली. ‘आत्मा’ ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, महिला बचत गट, शेतकरी गट त्यात उतरतात. टेबलावर ताटल्या मांडलेल्या असतात: कुर्डू, केना, आघाडा, घोळ, तांदुळजा, करटुली, हादग्याची फुलं. पुढे चिठ्ठीवर नाव, गुणधर्म आणि भाजीची कृती. शहरातल्या माणसाला ‘हे तण नाही, हे खातात’ एवढं कळणं हेच मोठं काम आहे, आणि ते या महोत्सवांनी केलं आहे.

पण खुडलेली पानं ताटलीत घातली की ओळखीच्या निम्म्या खुणा जातात. मूळ कसं, खोडावर लव आहे का, फूल कुठून येतं, जमिनीवर पसरतं की उभं वाढतं, हे पाहायला आख्खं रोप लागतं. मुळासकट उपटलेलं एक रोप कुंडीत लावून ताटलीशेजारी ठेवलं, त्याच्याशी गल्लत होणारं दुसरं रोप ‘हे खाऊ नये’ अशा पाटीसह ठेवलं, तर त्याच टेबलाची शाळा होईल. यासाठी फार खर्च लागत नाही.

पाथरी गावाच्या नावाचीच एक पालेभाजी आहे, तिचं उदाहरण घेऊ. पाथरी जमिनीला चिकटून वाढते. पानं बुडाशी चक्राकार पसरलेली, कडा कातरलेल्या, फुलं लहान आणि पिवळी. ती सूर्यफुलाच्या कुळातली आहे. कांदा आणि तिखट-मिठाबरोबर भाकरीशी कच्ची खातात, शिजवूनही खातात. दुभत्या जनावराला ती घातली तर दूध वाढतं असा शेतकऱ्यांचा समज आहे. पान तोडलं की पांढरा चीक येतो. आता चीक येणारी वनस्पती विषारी असा एक आडाखा बरेच जण मनाशी धरून असतात. घोळ वेचताना तो कामी येतो: घोळीसारख्या पसरणाऱ्या दुधी नावाच्या तणाला चीक असतो, घोळीला नसतो. पण तोच आडाखा पाथरीला लावला तर चांगली भाजी टाकून द्यावी लागेल. रुईला लावला तर तो बरोबर ठरेल. सगळ्या वनस्पतींना लागू पडेल असा आडाखा नाही, प्रत्येकीची ओळख वेगळी करून घ्यावी लागते. घोळीबद्दलही अर्धवट माहितीच जास्त फिरते. तिच्यात ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल असतं हे खरं आहे, त्याबरोबर ऑक्झलेटही बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्याने ती जपून खावी, हे चिठ्ठीवर यायला हवं.

करोनाच्या काळात या अर्धवट माहितीची किंमत मोजावी लागली. घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि गुळवेलीच्या सेवनाशी त्याचा संबंध असल्याचं २०२१ मध्ये शोधनिबंधातून मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी, त्याच वंशातली दुसरी वेल, याची खात्री केलेली नाही असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद वैद्यकातल्या लोकांनी सोडवावा. सामान्य माणसासाठी त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: कुंपणावरची वेल कापताना ती नेमकी कोणती, हे सांगणारं माणूस बहुतेक घरांत नव्हतं.

असं माणूस तयार करणाऱ्या मंडळींची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते आणि दोघंही मराठी डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे सुरुवातीच्या स्त्री डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून इतिहासात येतात, पण मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधींची सूची त्यांनी केली, हेही लक्षात ठेवायला हवं. याच सोसायटीच्या नियतकालिकात १८९० च्या दशकात कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी मुंबई परिसरातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. कीर्तिकर लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, आणि १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये आला. औषधी वनस्पतींचा हा अभ्यासक त्याआधी विषारी वनस्पतींकडे वळला होता, हा क्रम आजच्या उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावा. तिकडे १९०७ मध्ये नाशिकला, ‘वनौषधिगुणादर्श’ लिहिणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने देशभरच्या वैद्यांचं पहिलं संमेलन भरलं आणि त्यातून अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन उभं राहिलं.

परदेशात अशी मंडळं हौशी लोक चालवतात. इंग्लंडमध्ये हिल्डा लेयेल यांनी १९२७ मध्ये, तर अमेरिकेत बोस्टनच्या सात स्त्रियांनी १९३३ मध्ये अशी संस्था काढली. अमेरिकन संस्थेच्या शाखा बागा राखतात, रोपांची विक्री करतात, व्याख्यानं ठेवतात. औषधोपचाराचा सल्ला मात्र देत नाहीत, हे त्या स्वच्छ सांगतात. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९५ पासून दरवर्षी एक वनस्पती निवडून वर्षभर तिच्याबद्दल बोलायचा पायंडा पाडला. पहिल्या वर्षी बडीशेप होती, २०१० मध्ये शेपू, २०१७ मध्ये कोथिंबीर, २०२३ मध्ये आलं. वर्षाला एकच वनस्पती घ्यावी आणि ती नीट शिकावी, ही कल्पना खेड्यातल्या शाळेलाही सहज पेलेल.

पाथरी तालुक्यात अशा मंडळाची गरज का आहे? इथली जमीन काळी, भारी. दक्षिणेला गोदावरी, शिवारात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी. कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस ही पिकं. रानभाज्यांचा खरा जाणकार इथे कधी वैद्य नव्हता; खरी जाणकार खुरपायला जाणारी बाई होती. दिवसभर तण काढताना ती तांदुळजा, घोळ, केना, कुर्डू ओटीत टाकत जाई आणि संध्याकाळी त्याची भाजी होई. सोबत आलेली मुलगी ते पाहून शिके. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशकाची फवारणी आली. खुरपणीची मजुरी महाग आणि माणसं मिळेनात, म्हणून शेतकऱ्याचाही इलाज नव्हता. पण फवारणीने तणाबरोबर भाजी गेली, आणि खुरपणीबरोबर शिकण्याची जागाही गेली. उरलेल्या धुऱ्यांवर आणि पडीक जागांवर गाजरगवत माजलं. त्याच्या बंदोबस्तासाठी परभणीचं कृषी विद्यापीठ मेक्सिकन भुंगे वाढवतं, ही चांगली गोष्ट आहे.

जे टिकलं ते सणावारांनी टिकवलं. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी लागते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातली आणि रानातली भाजी शोधावी लागते. गणपतीला एकवीस पत्री लागतात: माका, आघाडा, शमी, डोरली, विष्णुक्रांत, अर्जुन, मरवा, हादगा आणि इतर. त्याच ताटात धोत्रा, कण्हेर आणि रुईसुद्धा आहेत, म्हणजे पोटात जाऊ नयेत अशा वनस्पती. एकाच ताटात औषधी आणि विषारी दोन्ही आणून मुलांना वेगळं करायला शिकवणारा इतका चांगला प्रसंग वर्षात दुसरा नाही. पिशवीत बांधून आलेली विकतची पत्री नुसती वाहून टाकली की तो वाया जातो.

मंडळ नव्याने काढायचीही गरज नाही, कारण कायद्याने ते आधीच आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २००४ च्या नियमांनुसार तीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असत, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. समितीचं मुख्य काम लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं: गावातली वनस्पती, तिचं स्थानिक नाव, ती कुठे आणि कधी मिळते, उपयोग काय, जाणकार कोण. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली ती लोकांच्या तोंडची माहिती लोकांनीच लिहावी म्हणून. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, देशभर नोंदवह्यांची घाई झाली, आणि कित्येक ठिकाणी गावकऱ्यांना विचारायलाही वेळ उरला नाही अशी टीका झाली.

ती नोंदवही पुन्हा उघडायला काहीच हरकत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी, आशाताईंनी आणि बचत गटातल्या बायांनी श्रावणात एक सकाळ धुऱ्यावर घालवली, तर नोंदवहीची काही पानं भरतील. पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानून येणाऱ्या भाविकांची संख्या वाढते आहे. त्यांच्यासमोर तालुक्यातल्या भाज्यांचं एक टेबल, रोपांसकट, सहज मांडता येईल.

ओळख पटत नाही अशी वनस्पती आढळली तर तिची फुलासह डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावी आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, म्हणजे बुरशी येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे रोजी खरीप आणि १७ सप्टेंबरला रब्बी शेतकरी मेळावा भरतो. पाथरीहून ते अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं आहे. पावसाळ्यात दाबलेल्या डहाळ्या सप्टेंबरमध्ये तिथल्या तज्ज्ञांना दाखवून शास्त्रीय नाव लिहून आणता येईल. डहाळीबरोबरच्या चिठ्ठीवर गाव, गट नंबर, तारीख आणि तालुक्यात बोललं जातं तेच नाव लिहावं. खाली, जिने ती वनस्पती दाखवली त्या बाईचं संमतीने पूर्ण नाव.