विकिपीडिया, मराठी

वाचकांनीच लिहिलेला व सतत दुरुस्त होत राहणारा आंतरजालावरील मराठी ज्ञानकोश. जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू केला. मराठी आवृत्तीचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. ‘विकी’ हा ‘जलद’ या अर्थाचा हवाई बेटांवरील भाषेतील शब्द असून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये, कोणासही संपादन करता येईल अशा आपल्या संकेतस्थळासाठी तो योजिला. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा मराठी विश्वकोश यांत नोंदींची निवड व संपादन नियुक्त संपादक करतात; विकिपीडियात ही कामे स्वयंसेवक परस्परांच्या देखरेखीखाली करतात.

प्रत्येक लेखास ‘इतिहास’ व ‘चर्चा’ अशी दोन पाने जोडलेली असतात. पहिल्यात प्रत्येक बदलाची वेळेसह नोंद होत असल्याने खोडसाळ मजकूर काढून लेखाचे पूर्वीचे रूप परत आणता येते. दुसऱ्यात लेखाविषयीचे मतभेद मांडले जातात. सर्वसाधारण विचारविनिमयाच्या पानास ‘चावडी’ म्हणतात. लेखांची विभागणी ‘वर्गां’त केली जाते आणि समान नावांसाठी निःसंदिग्धीकरणाची पाने असतात. उदा., मालेगाव हे नासिक जिल्ह्यातील शहर आहे, तसेच वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाणही आहे. वाशिममधील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. असा फेरबदल नोंदविण्यास छापील खंडाला नव्या आवृत्तीची वाट पहावी लागते. येथे तो तत्काळ करता येतो.

तथापि या पद्धतीची खरी कसोटी लहान गावांच्या नोंदींत लागते. जनगणनेच्या आकड्यांवरून एकाच साच्याचे लेख तयार करणे सोपे असते; परंतु गावाचे नाव कसे पडले, जुनी विहीर कोणी बांधली, हे बहुधा गावातील वृद्धांनाच ठाऊक असते. मजकुरास प्रकाशित व पडताळता येण्याजोगा आधार हवा, असा विकिपीडियाचा दंडक आहे. त्यामुळे अफवांना आळा बसतो. पण मौखिक ज्ञानही बाहेर राहते. लेखनाची मुभा सर्वांना असली, तरी ज्या गावाविषयी काही छापलेच गेले नाही, त्याची नोंद आकड्यांपलीकडे जात नाही. म्हणून स्थानिक इतिहासाचे संकलन व प्रकाशन हे अशा कोशाच्या रचनेचे पूर्वांगच होय.