भरवशाचा टॉर्पेडो

फॉकलंड युद्धाची कात्रणं मी शाळेपासून जपून ठेवली आहेत. त्यातलं एक कोडं इतक्या वर्षांत डोक्यातून गेलेलं नाही. २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ या पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडवली. अणुपाणबुडीने लढाईत शत्रूचं जहाज बुडवण्याची ही पहिलीच वेळ. आणि तिने डागला तो मार्क ८, १९२०च्या दशकातल्या घडणीचा टॉर्पेडो!

बेल्ग्रानो ब्रिटनने जाहीर केलेल्या निषिद्ध क्षेत्राबाहेर होती, यावर बरंच लिहून झालंय. मला खेचून घेते ती टॉर्पेडोची निवड.

अणुभट्टीला हवा लागत नाही, त्यामुळे कॉन्कररला बॅटरी भरायला वर येण्याची गरजच नव्हती. तिचे कमांडर ख्रिस रेफर्ड-ब्राउन खोल जाऊन वेगाने अंतर तोडत, मग वर येऊन पेरिस्कोपातून पाहत. असा एक दिवसाहून जास्त काळ बेल्ग्रानोचा माग काढला. हाताशी नवा टायगरफिश टॉर्पेडोही होता. तो मागे तार सोडत जाई, त्या तारेवरून त्याला वळवता येई आणि शेवटी तो आवाजावरून लक्ष्य स्वतः शोधी. पण त्याचा भरवसा नव्हता, आणि त्याची स्फोटकं मार्क ८च्या निम्म्याहूनही कमी. समोर तर चिलखती क्रूझर.

मार्क ८ला शोधणं-वळणं काही येत नाही. दाबाखालच्या हवेत रॉकेल जाळत ताशी सुमारे ४५ सागरी मैलांनी नाकासमोर धावायचं, एवढंच. लक्ष्याचा वेग, दिशा, अंतर यांचं गणित माणसाने मांडायचं आणि चूक होऊ नये म्हणून जवळ जायचं. रेफर्ड-ब्राउन जेमतेम १,३०० मीटरवर गेले. टॉर्पेडोत जे कमी होतं, ते पाणबुडीने भरून काढलं. रेफर्ड-ब्राउन यांना जुनाट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

तीन सोडले, दोन लागले. एकाने जहाजाची नाळच तोडली. दुसरा चिलखत जिथे संपतं त्याच्या किंचित मागे शिरला, इंजिनखोलीत फुटला. स्फोट वर दोन भोजनकक्ष आणि ‘सोडा फाउंटन’ नावाची खलाशांची विरंगुळ्याची जागा फाडत गेला आणि डेकला वीस मीटरचं भगदाड पडलं. वीज गेली. पंप बंद, मदतीचा संदेशही पाठवता येईना. सोबतच्या दोन विनाशिकांना कळलंच नाही, त्या पुढे निघून गेल्या. ३२३ माणसं गेली. हेच जहाज ‘फिनिक्स’ या नावाने १९४१ साली पर्ल हार्बरमधून सुखरूप निघालं होतं.

कॉन्करर १९९० मध्ये निवृत्त झाली. ज्यांतून ती क्रूझर पाहिली, ते पेरिस्कोप गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात आहेत. बाकीची पाणबुडी डेव्हनपोर्टच्या गोदीत नेऊन ठेवली, विल्हेवाटीची वाट पाहत.