‘कनेक्टेड’ दिसलं, म्हणजे झालं?

मोबाईलला रेंज नाही अशा ठिकाणाहूनही हॅम रेडिओवरून ईमेल पाठवता येतो. विनलिंक ही त्यासाठीची जगभर वापरली जाणारी व्यवस्था. (परवाना हवाच, भारतात तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो.) लॅपटॉप मजकुराचे सूर करतो, रेडिओ ते हवेत सोडतो, दूरचा गेटवे ते ऐकून पुन्हा मजकूर करतो आणि इंटरनेटवर चढवतो.

माझं काय व्हायचं ते सांगतो. पडद्यावर ‘कनेक्टेड’ यायचं, मी खूश व्हायचो, आणि चार ओळींचा निरोप अर्ध्यावर अडकायचा. पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, मग डिस्कनेक्ट. एका दुपारी वैतागून मी अँटेना हलवली, केबल बदलली आणि दोन सेटिंग्जही बदलल्या. निरोप गेला! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आदल्या दिवशी तो कशामुळे गेला, हेही सांगता येईना. असे तीन आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

१. साखळीचे तुकडे करा

प्रोग्रॅम, साउंडकार्ड, रेडिओ, हवा, गेटवे, सर्व्हर. इतक्या कड्यांत दोष एकाच वेळी शोधायला जाऊ नका. विनलिंकच्या प्रोग्रॅममध्ये टेलनेट नावाचा पर्याय असतो. तो रेडिओला वगळून थेट इंटरनेटवरून सर्व्हर गाठतो. तोच निरोप टेलनेटने गेला, तर खातं, पासवर्ड आणि निरोप तिन्ही ठीक. उरला फक्त रेडिओचा भाग. दोन मिनिटांत अर्धी साखळी संशयातून सुटते. मी ही चाचणी दुसऱ्या आठवड्यात केली!

२. चाचणीने नेमकं काय तपासलं, ते विचारा

माझी खरी चूक इथे होती. ‘कनेक्ट होतंय, म्हणजे रेडिओचा मार्ग ठीक आहे,’ असं मी गृहीत धरलं होतं. आता थोडं गणित करू.

मी १२०० बॉडचं पॅकेट वापरत होतो. यात माहिती चौकटींत, म्हणजे फ्रेममध्ये जाते. फ्रेममधला एक बिट जरी चुकला, तरी पूर्ण फ्रेम फेकली जाते आणि पुन्हा पाठवावी लागते. जोडणी मागणारी फ्रेम साधारण १७ बाइटची, म्हणजे १३६ बिटची. निरोपाचे १२८ बाइट नेणारी फ्रेम साधारण १४६ बाइटची, म्हणजे ११६८ बिटची. समजा, हजारात एक बिट चुकतोय. मग छोटी फ्रेम धड पोचण्याची शक्यता ०.९९९ चा १३६ वा घात, म्हणजे सुमारे ८७ टक्के. मोठीची? फक्त ३१ टक्के.

म्हणजे मार्ग खराब असूनही ‘कनेक्टेड’ दिसणारच. आणि ३१ टक्के म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे एखाद्या दुपारी निरोप नशिबानेही जाणार. माझ्या त्या ‘यशाचं’ रहस्य बहुधा एवढंच.

३. दोन कारणांना वेगळी उत्तरं देणारा प्रश्न विचारा

माझ्यापुढे दोन संशयित होते. एक, बिट चुकताहेत. दुसरा, रेडिओ प्रक्षेपणावर येण्याआधीच सूर सुरू होतात आणि फ्रेमचं तोंड कापलं जातं. (ही उसंत टीएक्स-डिले या सेटिंगने वाढवता येते.) नुसतं ‘पुन्हा पाठवून बघू’ म्हणून यातला फरक कळत नाही.

पण फ्रेमची लांबी कमी केली तर? बिट चुकत असतील तर छोट्या फ्रेम जास्त पोचतील. वरच्याच हिशोबाने ३२ बाइटला सुमारे ६७ टक्के. तोंड कापलं जात असेल तर लांबीने फरक पडू नये, कारण तोंड सगळ्यांनाच आहे. मी लांबी १२८ आणि ३२ अशी आलटून पालटून ठेवली, बाकी कशाला हात लावला नाही, आणि प्रत्येक प्रयत्न वहीत लिहिला. ३२ ला बहुतेक निरोप गेले, १२८ ला मोजकेच. पहिला संशयित सापडला.

मग पुढचा प्रश्न: बिट का चुकतात? सिग्नल कमजोर आहे, की विकृत? लॅपटॉपचा आवाज कमी केला. सिग्नल कमजोर असता, तर याने काहीच सुधारायला नको होतं. पण आता १२८ वालेही जायला लागले! मी साउंडकार्डचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवला होता, ‘मोठा आवाज, चांगला सिग्नल’ या समजुतीने. एफएम रेडिओला ठरावीक मर्यादेपलीकडचा आवाज दिला की तो त्याची टोकं छाटतो, आणि गेटवेला १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे सूर वेगळे ओळखणं अवघड जातं. अँटेना, केबल, गेटवे, सगळे निर्दोष होते.

एक सावधगिरी: वरचं गणित चुका सुट्या-सुट्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या धरतं. लघुलहरींवर सिग्नल हेलकावे खातो, तिथे चुका झुंडीने येतात. शिवाय वारा किंवा आर्डोपसारख्या पद्धतींत चुका दुरुस्त करण्याची सोय असते. तिथे हेच आकडे लावू नका. विचारायची पद्धत मात्र तीच.

तुमचं संशोधन रेडिओचं नसेल, तरी तुमच्या प्रयोगात एक ‘कनेक्टेड’ नक्की असेल: आलेख चांगला दिसतो, प्रोग्रॅम एरर न देता चालतो, नमुना चाचणीत पास होतो. तो दिसला की आधी विचारा, हे खराब असतं तरी असंच दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर अजून काहीच तपासलेलं नाहीये.